न्हाणीघरातली राणी

"हे तुमच्याच्यानं व्हायचं नाही, बाई," रोपवाटिकेचा मालक म्हणाला, "तुम्ही आपला मनी प्लांट न्या."

हे वाक्य त्याने गिळलं असतं तर पुढचं रामायण घडलंच नसतं. बाई तिथे कुंडीखाली ठेवायची बशी घ्यायला आल्या होत्या. बशी घेऊन त्या घरी गेल्या असत्या आणि इमारतीतल्या सगळ्यांचे संबंध जसे होते तसे, म्हणजे जेमतेम, राहिले असते. पण बाईंनी एकतीस वर्षं गणित शिकवलं होतं आणि दर वर्षी सगळ्यात कच्ची तुकडी स्वतःहून मागून घेतली होती. 'व्हायचं नाही' हे दोन शब्द कानावर पडले की त्यांच्या मानेची एक शीर ताठ होत असे. ती आत्ताही झाली.

"का नाही व्हायचं?"

"फार नखरे असतात हिचे. दूरच्या पावसाळी जंगलात, धुक्यात वाढणारी जात. हवेत ऐंशी टक्के ओलावा लागतो. मोठमोठ्या लोकांनी नेली आणि महिन्याभरात पाचोळा घेऊन परत आले."

"मी मोठी नाही," बाई म्हणाल्या. "बांधून द्या."

झाड म्हणजे दोन पानं होती. काळपट हिरवी, मखमलीसारखी, आणि त्यांच्यावर पांढऱ्या शिरा अशा की कुणीतरी खडूने आखून दिल्यासारख्या. बाईंचं मन तिथेच गुंतलं असणार. नाव राणी अँथुरियम. त्याचं शास्त्रीय नाव एवढं लांबलचक होतं की ते बाईंखेरीज कुणीच पाठ केलं नाही. घरी यजमान तिला 'तुझी ती राणी' म्हणत आणि त्र्याऐंशी वर्षांच्या सासूबाई 'नवी सून'.

राणीचा पहिला मुक्काम हॉलमध्ये पडला आणि सल्लागारांची रीघ लागली. आलेला प्रत्येक जण आधी म्हणे, "हे तर अळूच की! गटाराच्या कडेला हवं तेवढं मिळतं." मग खुर्चीत नीट बसून म्हणे, "पण काय करा..." कुणी चहाचा चोथा सांगितला, कुणी अंड्याची टरफलं, कुणी डोकेदुखीची अर्धी गोळी. अर्धीच का, तर पूर्ण गोळीने झाडाला गुंगी येते. दुसऱ्या मजल्यावरचे विमावाले म्हणाले, "झाडाचा विमा निघत नाही बाई, पण झाडाच्या काळजीने तुम्हाला काही झालं तर त्यावर एक चांगली योजना आहे." बाईंनी सगळ्यांना चहा दिला आणि एकाचंही ऐकलं नाही. तेवढ्यात राणीच्या एका पानाची कड तपकिरी झाली.

तेव्हा बाईंनी हवेतला ओलावा मोजणारं यंत्र मागवलं. काड्यापेटीएवढं, आकडे दाखवणारं. यजमान वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं.

"यावर शिक्का कुठंय?"

"कसला शिक्का?"

"तपासणीचा. शिक्का नसलेल्या मापावर मी भरवसा ठेवत नाही. उद्या हे ऐंशी म्हणेल आणि असतील सत्तर."

"अहो, हवा विकायची नाहीये आपल्याला," बाई म्हणाल्या आणि घर मोजायला निघाल्या. हॉल एक्केचाळीस. झोपायची खोली एकोणचाळीस. स्वयंपाकघर अठ्ठावन्न, पण तेही कुकरच्या तीन शिट्ट्यांपुरतं. शेवटी लहान न्हाणीघराचं दार उघडून त्यांनी हात आत घातला आणि आकडा चढतच गेला. शहाऐंशी!

आता हे लहान न्हाणीघर यजमानांचं होतं. निवृत्तीनंतर ते तिथे रोज पाऊण तास असत. आत ते काय करत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बाहेर येत तेव्हा ते फक्त ओले असत.

"अहो, उद्यापासून तुम्ही मोठ्या न्हाणीघरात."

"आणि लहानात कोण?"

"राणी."

 यजमानांनी घटनेच्या मूलभूत हक्कांपासून सुरुवात केली असती, पण दारातून सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे रे. आतून कडी लावता येईल अशी एक तरी खोली बाईमाणसाला हवी. मला नाही मिळाली."  आपण जास्त बोललो असं वाटलं म्हणून असेल, त्याच लगेच मोठ्याने म्हणाल्या, "माझा चहा कुठंय?" आणि तो विषय तिथेच संपला.

दुर्मीळ झाडांचं गणित उफराटं असतं. जितकी ती जगात कमी, तितकी घरात जास्त. राणीला एकटं वाटेल म्हणून बाईंनी दुसरं अँथुरियम आणलं. दुसऱ्याला सावली हवी म्हणून मोठ्या पानांचं फिलोडेंड्रॉन. परगावच्या एका निवृत्त परिचारिकेशी बाईंची पत्रमैत्री जमली आणि ती औषधाच्या खोक्यातून, ओल्या शेवाळात गुंडाळून, कसलीकसली मुळं पाठवू लागली. खोक्यावर 'दिवसातून दोनदा, जेवणानंतर' असं छापलेलं असे. शॉवरच्या दांडीला एक घटपर्णी लटकली. तिच्या पानांच्या टोकांना पेले असतात आणि त्या पेल्यांत मुंग्या पडल्या की ती खाते. "हिला तरी या घरात वेळेवर मिळतं," यजमान म्हणाले. तीन महिन्यांत न्हाणीघरात सतरा झाडं, धुकं सोडणारं एक यंत्र आणि झाडांसाठीचा एक जांभळा दिवा झाला.

त्या दिव्याने घात केला. संध्याकाळी न्हाणीघराची काचेची खिडकी जांभळी उजळे आणि तिच्यातून वाफ निघे. समोरच्या इमारतीत तीन तट पडले. पहिल्याचं मत होतं की बाईंनी ब्यूटी पार्लर काढलंय, दुसऱ्याचं की यजमान फोटो धुतात. तिसरा तट काहीच बोलत नसे, नुसता मान हलवी, आणि त्याचाच लोकांवर जास्त परिणाम होई.

मग एका सकाळी विमावाले वर आले.

"बाई, आमच्या न्हाणीघराच्या छताला घाम फुटलाय."

बाई लगेच खाली गेल्या, यंत्र हातात घेऊनच. छतावर परातीएवढा ओला डाग होता आणि त्याच्या मधोमध एक थेंब पडू की नको करत लोंबत होता. बाईंची नजर आधी थेंबाकडे गेली, मग हातातल्या आकड्याकडे, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अगंबाई, तुमच्याकडे तर एक्क्याण्णव आहे!"

हे त्या इतक्या आशाळभूतपणे म्हणाल्या की विमावाले एक पाऊल मागे सरले. दाराशी उभी असलेली त्यांची बायको तोंडावर हात ठेवून हसली.

बाईंनी त्याच दिवशी प्लंबरला बोलावलं. प्लंबरने फरशीवर कान लावला, मग भिंतीवर, मग उगाचच यजमानांच्या तोंडाकडे पाहिलं. "जुना सांधा गेलाय. फरशी फोडावी लागेल. ही झाडं आठ दिवस बाहेर काढा."

नेमकी त्याच आठवड्यात राणीच्या खोडातून नव्या पानाची गुंडाळी डोकावली होती. बाई रोज पट्टी लावून तिची नोंद करत होत्या. अशा वेळी तिला एक्केचाळीस टक्क्यांत काढायचं म्हणजे बाळंतिणीला उन्हात बसवण्यासारखं. "महिनाभर थांबा," बाई म्हणाल्या. "पान उलगडलं की फोडू."

"म्हणजे माझं छत तुमच्या पानासाठी थांबणार?" विमावाले म्हणाले.

इथे बाईंचं चुकलं, हे सांगायलाच हवं. त्यांना ते तेव्हाही कळलं होतं. पण 'हो, चुकलं' म्हणायला तोंड उघडावं तोच विमावाल्यांनी पुढचं वाक्य टाकलं, "त्या अळूच्या पानासाठी?" आणि ती मानेची शीर ताठ झाली.

"हो," बाई म्हणाल्या. "त्याच पानासाठी."

प्रकरण सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गेलं. सेक्रेटरी हा नियमांवर जीव असलेला माणूस. त्याने नियमावली पुढून मागे आणि मागून पुढे वाचली. तिच्यात कुत्री, मांजरं, पोपट आणि भाडेकरू होते, झाडं नव्हती. मग त्याने नगरपालिकेच्या संकेतस्थळावर तक्रार करायला घेतली. तिथे तक्रारीचे प्रकार आधीच ठरलेले असतात आणि माणसाला आपलं दुःख त्यातल्या एखाद्यात बसवावं लागतं. मेलेलं जनावर, तुंबलेलं गटार, पडकी भिंत. सेक्रेटरीने दोन चहा संपवून जो प्रकार निवडला त्याची नोटीस चौथ्या दिवशी बाईंच्या हातात पडली. 'आपण आपल्या निवासी मिळकतीतील चोवीस चौरस फूट क्षेत्रावर विनापरवाना शेती करीत असल्याचे निदर्शनास आले आहे.'

बाईंनी नोटीस दोनदा वाचली. शेतीचा आरोप त्यांनी पचवला. चोवीस त्यांना पचेना.

नगरपालिकेच्या खिडकीवर त्या म्हणाल्या, "न्हाणीघर पाच फूट बाय साडेचार. साडेबावीस होतात. वरचा दीड फूट कुठून आणलात?"

खिडकीतल्या माणसाने वरही पाहिलं नाही. "इथे बांधकामं. शेतीचं कृषी विभागात विचारा. मागच्या बाजूला, जिन्याखाली."

जिन्याखाली एक कारकून बसला होता. शहराच्या मधोमध कृषी विभाग. त्याच्याकडे कित्येक महिन्यांत कुणी फिरकलं नव्हतं. बाईंना पाहून तो उठून उभा राहिला, स्वतःच्या हाताने खुर्ची पुसली आणि कोरा फॉर्म काढला.

"पीक कोणतं?"

"अँथुरियम."

"हंगामी की बारमाही?"

"बारमाही."

"सिंचनाचं साधन?"

बाईंनी विचार केला. "मग."

"मग काय?"

"मग. बादलीतला."

त्याने 'मग (प्लास्टिक)' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. "जमिनीचा उतारा?"

"जमीन नाही. तिसरा मजला आहे."

"मजल्याला उतारा नसतो बाई."

"मग ही शेती कशी?"

कारकुनाने पेन खाली ठेवलं. त्याच्या चेहऱ्यावर एवढी निराशा पसरली की बाईंनाच वाईट वाटलं. "नोटीस देणाऱ्याला विचारा," तो हळूच म्हणाला आणि एवढा भरलेला फॉर्म वाया जाऊ नये म्हणून त्याने तो बाईंनाच दिला. त्यात सर्वांत वर लिहिलं होतं, 'अर्जदार: अल्पभूधारक शेतकरी महिला.' एकतीस वर्षं ज्यांना पाहून वर्ग उभा राहत असे त्या बाई तो कागद हातात धरून दोन बस चुकेपर्यंत थांब्यावर उभ्या होत्या.

पुढच्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजता, निरीक्षक पाहणीला आला. खांद्याला पिशवी आणि हातात फीत घेतलेला तरुण माणूस. "कुठल्या शाळेत होतास?" बाईंनी आशेने विचारलं. तो परगावचा निघाला. विद्यार्थी असता तर प्रकरण पाच मिनिटांत मिटलं असतं. त्याच्यामागून सेक्रेटरी आला, विमावाले आणि त्यांची बायको आली, आणि सासूबाईंनी आपली खुर्ची न्हाणीघरासमोर, नीट दिसेल अशी मांडून घेतली.

निरीक्षकाने डोकं आत घातलं. त्याच्या चष्म्यावर धुकं बसलं. चाचपडत त्याने फीत लावली आणि म्हणाला, "साडेबावीस." बाईंनी सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. घटपर्णीचा एक पेला त्याच्या कानाला लागला तसा तो झटकन बाहेर आला.

"ही शेती नाही," तो चष्मा पुसत म्हणाला.

"बघा!" यजमान म्हणाले.

"पण हे न्हाणीघरही दिसत नाही. न्हाणीघर न्हाणीघर म्हणून वापरात नसेल तर तो वापरातला बदल झाला. मग हे सगळं हलवावं लागेल."

"तीन महिन्यांत इथे एकानेही अंगावर तांब्याभर पाणी घेतलेलं नाही," सेक्रेटरी म्हणाला. "विचारा यांना."

सगळ्यांनी यजमानांकडे पाहिलं. यजमानांनी भिंतीकडे पाहिलं. छत्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या तराजूतलं खोटं पकडलं होतं. बोलता त्यांना येईना, आणि खोटं तर मुळीच नाही.

बाई झोपायच्या खोलीत गेल्या. खांद्यावर टॉवेल आणि हातात कपडे घेऊन आल्या. सेक्रेटरीला म्हणाल्या, "जरा बाजूला व्हा." न्हाणीघरात शिरल्या. दार लागलं. आतून कडी सरकवल्याचा खणखणीत आवाज आला.

"हे काय चाललंय?" सेक्रेटरी म्हणाला.

"वापर," सासूबाई म्हणाल्या.

नळ सुटला. बादली भरू लागली. निरीक्षक चाळीतल्या पाहुण्यासारखा अवघडून उभ्या-उभ्या फीत गुंडाळू लागला. मग पाणी ओतल्याचा आवाज आला आणि त्यासोबत स्पष्ट, मागच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज, "एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न."

"याला किती वेळ लागेल?" निरीक्षकाने दबक्या आवाजात विचारलं.

"एकोणतीसवर थांबली तर दहा मिनिटं," यजमान म्हणाले. "पण थांबेल असं वाटत नाही."

आत बाईंना वळायलाही जागा नव्हती. एका कोपराला फिलोडेंड्रॉन, पाठीला फर्न. गरम पाण्याची वाफ पानापानांतून वर चढत होती. सुरुवातीला त्या रागारागाने पाणी ओतत होत्या, बाहेर ऐकू जावं म्हणून. एकोणतीस साते दोनशे तीनला त्यांची नजर राणीकडे गेली आणि पाढा अडला. नवं पान उलगडलं होतं. तांबूस, ओलं, तान्ह्या बाळाच्या कानासारखं मऊ, आणि त्यावर खडूच्या रेघा आत्ताशा कुठे उमटू लागलेल्या. बाई बघतच राहिल्या. दाराबाहेर पाच-सहा माणसं ताटकळत होती. आजवर दाराबाहेर कुणी ना कुणी ताटकळत असायचंच, सासरे, नवरा, मुलं, शाळेची घंटा, आणि दर वेळी बाई अर्ध्या ओल्या, घाईघाईने बाहेर यायच्या. आज त्यांनी दुसरी बादली लावली.

"दोनशे तीन!" बाहेरून सासूबाई ओरडल्या. "पुढे?"

"एकोणतीस आठे दोनशे बत्तीस!" आतून आवाज आला, आणि त्यात हसू होतं.

पंचवीस मिनिटांनी कडी निघाली. निरीक्षक सासूबाईंच्या शेजारी स्टुलावर बसून अहवाल लिहीत होता. 'सदर न्हाणीघराचा न्हाणीघर म्हणून प्रत्यक्ष वापर होत असल्याचे दिसून' इथपर्यंत लिहून तो थबकला. सरकारी माणूस, पण प्रामाणिक. त्याने 'दिसून' खोडलं आणि लिहिलं, 'ऐकू आले.' त्याखाली दुसरी ओळ लिहिली, 'गळती आठ दिवसांत दुरुस्त करावी.'

"आठ दिवसांत," सेक्रेटरी म्हणाला. "महिन्याने नाही."

ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून बाई ताठ उभ्या होत्या. त्या विमावाल्यांकडे वळल्या. "गळती माझी आहे. तुमचं छत पानासाठी थांबवायला नको होतं. ते चुकलं माझं. प्लंबर उद्या येईल." मग सेक्रेटरीकडे वळून म्हणाल्या, "झाडं मात्र परत इथेच येणार."

विमावाल्यांनी या भांडणासाठी बरीच वाक्यं तयार करून आणली होती. ती त्यांच्या तोंडातच राहिली.

"पण आठ दिवस झाडं ठेवणार कुठे?" यजमानांनी रास्त शंका काढली. "हॉलमध्ये एक्केचाळीस आहे." शिक्का नसलेल्या मापावर त्यांचा भरवसा कधी बसला हे त्यांनाही कळलं नव्हतं.

"आमच्याकडे आणा," विमावाल्यांची बायको म्हणाली. तोवर तिचा आवाज कुणी धड ऐकलेला नव्हता. "एक्क्याण्णव आहे."

"अगं, पण आपल्याकडे एकच न्हाणीघर! मी अंघोळ कुठे करू?"

"वर," ती म्हणाली आणि दोन कुंड्या उचलून जिना उतरू लागलीसुद्धा.

सतरा झाडं जिन्याने खाली गेली. घटपर्णी यजमानांनी नेली, पेल्यातला थेंबही न सांडता, सराफाने काटा न्यावा तशी. आठ दिवस वर हातोडे चालले आणि विमावाले सकाळी साडेसातला टॉवेल घेऊन बाईंच्या मोठ्या न्हाणीघरात येत राहिले. यजमान तिथे आधीच असत. दाराबाहेर ताटकळताना विमावाल्यांनी सासूबाईंना विम्याची योजना समजावायचा प्रयत्न केला, पण त्र्याऐंशीव्या वर्षी आपल्याला कोणती योजना बसते हे त्यांनी उलट विचारल्यावर तो सोडून दिला.

नवव्या दिवशी बाई झाडं न्यायला खाली गेल्या. छत कोरडं झालं होतं. न्हाणीघरात मात्र जांभळा दिवा होता. नवाकोरा. विमावाल्यांची बायको एका पानावरची धूळ ओल्या कापसाने टिपत होती.

"राणी न्या बाई," ती मागे न बघता म्हणाली. "दहा-बारा न्या हवी तर. बाकीची राहू द्या."

"त्यांना चालेल?" बाईंनी विचारलं.

"विचारलं नाही," ती म्हणाली.

सेक्रेटरी स्वस्थ बसणारा नव्हता. त्या रविवारी सूचनाफलकावर कागद लागला. 'यापुढे कोणत्याही सभासदाने न्हाणीघरात झाडे ठेवू नयेत. अन्यथा कडक कारवाही करण्यात येईल. सर्वांनी वाचून सही करावी.' सेक्रेटरी शेजारीच खुर्ची टाकून बसला, कोण सही करतं ते बघायला.

बाई पिशवी घेऊन खाली आल्या. कागद वाचला. पर्समधून पेन काढून आधी 'कारवाही'वर काट मारून 'कारवाई' केलं. मग खाली लिहिलं, 'वाचले. मान्य नाही.' आणि सही केली. वळणदार, पूर्ण नावाची, निकालपत्रावर करत तशी.

विमावाल्यांची बायको त्यांच्यामागे उभी होती. नवरा बोट ठेवेल तिथे सही करायची तिची आजवरची सवय. तिने कागद सगळा वाचला, बाईंच्या हातातून पेन घेतलं आणि लिहिलं, 'मलाही नाही.' चौथ्या मजल्यावरच्या आजी नुसत्या हवा खायला उतरल्या होत्या. त्यांच्या न्हाणीघरात साबणाखेरीज काही नव्हतं. त्यांनीही पेन मागितलं.

"आजी, तुमच्याकडे कुठे झाडं आहेत?" सेक्रेटरी कळवळून म्हणाला.

"नाहीत," आजी सही करता करता म्हणाल्या. "आणीन."

तेवढ्यात वर बाईंकडे अंघोळीला निघालेले विमावाले गलका ऐकून खाली आले, खांद्यावर टॉवेल आणि हातात साबणाची डबी. सेक्रेटरीने त्यांना गाठलंच. "या, तुम्ही मूळ तक्रारदार. तुमची सही सगळ्यात महत्त्वाची."

विमावाल्यांनी कागद वाचला. बायकोची सही वाचली. ती तिथेच उभी होती, त्यांच्याकडे सरळ बघत. वरून, बाईंच्या मोठ्या न्हाणीघराच्या खिडकीतून, नळ सुटल्याचा आवाज आला; यजमान आत शिरले होते. विमावाल्यांनी घाईघाईने पेन घेतलं आणि सगळ्यात खाली लिहिलं, 'वाचले. अंघोळ झाल्यावर कळवतो.'